शेवटच्या सुराआधी सुई

त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर रक्त काढायच्या खुर्च्या दोन होत्या, पण रांग एकीच्याच पुढे लागायची. दुसऱ्या खुर्चीमागचा तंत्रज्ञ शिकलेला होता, नम्र होता, रोज घोटून दाढी करून यायचा. “या, इकडे मोकळं आहे,” असं म्हणून म्हणून त्याचं तोंड दुखायचं. लोक त्याच्याकडे बघून गोड हसायचे आणि जागचे हलायचे नाहीत. सगळ्यांना हवी असायची सुईताई.

सुईताई पन्नाशीच्या अलीकडची, अंगाने भरलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नावाची पाटी छातीवर होती, पण ती कुणी वाचायचं नाही. तिथेच नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीवालीच म्हणत, आणि इस्पितळातली कुठलीही बातमी तिच्या खिडकीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. ती रांगेतल्या घाबरटांना सांगायची, की ताईंच्या हाताला यश आहे, सुई गेलेली कळतसुद्धा नाही. खिडकीवालीच्या बहुतेक बातम्यांसारखी हीही अर्धीच खरी होती. हात चारचौघींसारखाच होता. करामत होती गळ्याची.

ताई गुणगुणायची. रबरी पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, बोटाने शीर चाचपली, की ओठ मिटून एखादी चाल सुरू करायची. चाल अशी, की समोरच्याला ती जन्मापासून पाठ. म्हातारीला अंगाई, ट्रकवाल्याला सिनेमातलं गाणं, कॉलेजातल्या पोराला साबणाची जाहिरात. ओळ छान उतरत उतरत शेवटाला यायची, आता घरी पोचणार, एकच सूर राहिला, आणि तिथे ताई गप्प. कापसावर स्पिरिट घेतल्यासारखं करायची, पण डोळा समोरच्यावर. त्या माणसाचं सगळं लक्ष त्या राहिलेल्या सुरावर लटकलेलं. कुणाची भुवई वर चढलेली, कुणी श्वास धरलेला. मग न राहवून तो आतल्या आत तो सूर पुरा करायचा. कुणी नाकातून, कुणी मान हलवून, एक पोलीस तर बुटाच्या टाचेने. आणि सूर घरी पोचला, की श्वास सुटायचा, खांदा खाली यायचा, मूठ सैल पडायची. त्याच क्षणाला सुई आत.

“झालं?” लोक विचारायचे.

“कधीच,” ताई म्हणायची.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नोकरीला लागली तेव्हा पेशंटपेक्षा तिचेच हात जास्त कापायचे, म्हणून स्वतःला धीर द्यायला ती गुणगुणायची. एकदा एक खाष्ट म्हातारी समोर असताना दारावर कुणीतरी थाप मारली आणि ताईची ओळ अर्ध्यात तुटली. म्हातारी डोळे वटारून तिच्याकडे बघत राहिली, शेवटी स्वतःच तो सूर म्हणाली आणि वर म्हणाली, “एवढं साधं येत नाही होय?” तोवर नळी भरलीसुद्धा होती. ताईच्या डोक्यात दिवा लागला. बावीस वर्षांत तिने ही विद्या तासून तासून धारदार केली. ओळ वर चढून संपत असेल तर उपयोग नाही, माणूस आणखी ताठ होतो. खाली उतरणारीच हवी. फार संथ नको, झोपाळूंना चक्कर येते. आणि काम झालं की ओळ पुरी करून द्यायची, हे विसरायचं नाही. एकदा विसरली, तर एक शिंपी दोन दिवसांनी रांग तोडून आत आला. तपासणी नको, अहवाल नको, म्हणाला, तेवढं गाणं संपवा बाई, परवापासून डोक्यात अडकलंय, काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या कापल्या.

ही करामत ताईने कुणाला सांगितली नव्हती. खिडकीवालीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. आणि घरी सांगणं त्याहून अवघड, कारण घरी सासरे होते.

सासरे म्हणजे मास्तर. पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, आणि कान असे, की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते बसल्या जागी सांगायचे. दाराची बिजागरी बेसूर कुरकुरते म्हणून त्यांनी एकदा सुताराला परत पाठवलं होतं. तेल घाल, आवाज बंद कर, असं नाही. कुरकुर नीट कर, असं. सुतार अजून ती गोष्ट गावभर सांगतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती. आतल्या खोलीतून आवाज आला, “तिसरा सूर चढा लागतोय.” एवढंच. राग नाही, टोमणा नाही. वर्गात चाळीस पोरांना सांगायचे तसंच सांगितलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. पण नव्या नवरीने त्या दिवशी घरात तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. मास्तरांच्या हे लक्षातही नव्हतं. उलट ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने आणि थोड्या दुःखाने सांगायचे, सून लाखात एक, फक्त गाण्याचं अंग नाही बिचारीला. ताई चहाचा कप पुढे करायची आणि गालात हसायची. दिवसाला साठ माणसं तिच्या सुरावर हात पुढे करत होती, पण ते साठ काही गाण्याचे मास्तर नव्हते.

तर झालं असं, की मास्तरांनी एकट्याने कपाट सरकवलं आणि जांघेत गाठ आली. हर्निया. सर्जन म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पण लांबवू नका. आतडं त्यात अडकलं तर मध्यरात्री धावत यावं लागेल आणि तेव्हा साधं राहणार नाही. गुरुवारची तारीख दिली. त्यानंतर सर्जन महिनाभर रजेवर. फक्त त्याआधी रक्ताच्या तपासण्या हव्यात.

इथे घोडं अडलं. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, विसरून चहा घेतला, उपाशीपोटी पाहिजे ना. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दारापर्यंत गेले आणि रांग फार आहे म्हणून माघारी आले. खिडकीवालीने संध्याकाळी ताईला मुद्दाम सांगितलं, की तुमचे सासरे आले होते, रांगेत तेव्हा दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक नुसतं पंख्याखाली बसलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, आज हवा बरोबर नाही.

नवऱ्याला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. पंचवीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याला अशी सवय जडली होती, की घरात सोफ्यावर बसून कुणाशी बोलतानाही धोका दिसला की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा. बापाशी बोलताना तर पाय उचलायचाच नाही. “बाबा, हे असं तळ्यात मळ्यात नका करू,” म्हणायचा आणि करकचून ब्रेक दाबायचा. पुढे एक शब्द नाही.

ताईने मात्र ओळखलं होतं. जेवताना ऑपरेशनचं निघालं, की मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागत. ती नजर तिच्या ओळखीची होती. दिवसातून दहा जण तिच्या खुर्चीत बसून कॅलेंडरकडे अशीच नजर लावतात, जणू महिन्याच्या सगळ्या तारखा पाठ करायच्यात. मास्तरांना सुईची भीती वाटत होती. चाळीस पोरांना एका नजरेने गप्प करणाऱ्या माणसाला. आणि त्यांनी हे सांगणं मरेपर्यंत शक्य नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती स्वतःच त्यांना घेऊन आली. आधी त्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवायचा विचार केला, पण तो नम्र तंत्रज्ञ नेमका रजेवर. खुर्चीत बसल्यावर मास्तरांनी बाही दुमडली, ती इतकी व्यवस्थित, की त्यात पाच मिनिटं गेली. ताईने पट्टा बांधला. गुणगुणायचं नाही, असं ठरवून आली होती. बोटाने शीर चाचपली तर मास्तरांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि हात असा ताठ की शीर कुठल्या कुठे पळालेली. असल्या हातात सुई घालणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं.

मग बावीस वर्षांची सवय जिंकली. तिच्याही नकळत ओठ मिटले आणि शाळेच्या पोरांना शिकवतात तसली एक सोपी चाल सुरू झाली. मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. चाल खाली उतरत आली, शेवटच्या सुराशी थांबली. भुवई चढली, श्वास थांबला, सगळं अगदी नेहमीसारखं. ताईने सुई टेकवली.

आणि मास्तरांनी सूर दाखवायला तोच हात वर केला.

पस्तीस वर्षं तेच केलं होतं ना. पोरगं शेवटच्या सुराला अडखळलं, की उजवा हात आपोआप वर जायचा आणि सूर जिथे असेल तिथे येऊन थांबायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सुई निसटली, कातडीवर लांब ओरखडा, रक्ताचा एक थेंब कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर. मास्तरांनी तो थेंब पाहिला आणि सावकाश, अतिशय सभ्यपणे, खुर्चीतून खाली घसरायला लागले. खिडकीवाली फाईल टाकून धावली म्हणून डोकं वाचलं, आणि त्या दिवशी सबंध इस्पितळाला कळलं, की मास्तर तिच्या मांडीवर पडले होते. ती सांगायची तेव्हा तो वेळ दर खेपेला वाढत जायचा.

शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी बाही खाली केली, बटण लावलं. “ऑपरेशन रद्द करा,” म्हणाले, आणि पाण्याला हातही न लावता निघून गेले.

त्या संध्याकाळी नवऱ्याने उंबरठ्यावर उभं राहून दोनदा ब्रेक दाबला आणि परत फिरला. शेवटी ताईच सासऱ्यांच्या खोलीत गेली. मास्तर खिडकीपाशी बसले होते, कोपराच्या खोबणीत काळानिळा ओरखडा, त्यावर दुसऱ्या हाताची बोटं. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. इतक्या वर्षांत तशी कधी बसली नव्हती.

“बाबा, चूक माझी होती. तुमचा हात वर जाणार, हे मला कळायला हवं होतं.”

मास्तरांनी बाही खाली ओढून ओरखडा झाकला.

“आणि तुम्हाला सुईची भीती वाटते. तशी सगळ्यांनाच वाटते. पोलिसांना तर सगळ्यात जास्त.”

मास्तर खिडकीकडे बघतच म्हणाले, “सुईची नाही गं वाटत. दुखणं म्हणजे काय, एक क्षणाचं. ते तू बोटाने टक टक करतेस ना, आणि मग काहीच होत नाही. ते जे मधलं असतं. आता येणार, आता येणार. ते नाही मला सहन होत.”

ताईला एकदम उमगलं, की या माणसाचं आणि तिच्या पेशंटांचं दुखणं एकच आहे, फक्त याने ते नेमक्या शब्दांत सांगितलं. आणि तिने कुणालाही न सांगितलेलं गुपित नेमकं त्यांना सांगितलं, ज्यांच्यापासून ते सगळ्यात जास्त लपवलं होतं. म्हणाली, की बाबा, ते मधलं मी चोरते. माणूस सुईची वाट बघत असतो, त्याला मी दुसऱ्याच कशाची तरी वाट बघायला लावते. सूर घरी यायची. मग तिने सगळं सांगितलं, उतरणाऱ्या ओळी, सुटणारा श्वास, टाच आपटणारा पोलीस, तीन बाह्यांचा शर्ट. मास्तर आधी ऐकत नसल्यासारखे ऐकत होते, मग त्यांची मान तिच्याकडे वळली, शिंप्यापाशी आल्यावर तर हसू दाबायला त्यांना खोकावं लागलं.

“हे कच्च्या कानांवर चालतं,” शेवटी ते म्हणाले. “ज्याला काय चाललंय ते कळतं, त्याच्यावर नाही चालायचं.”

“बरं,” ताई म्हणाली.

“बरं काय? मी पस्तीस वर्षं पोरांना शेवटच्या सुरावर ताटकळत ठेवलंय. मला माहीत असताना मी का अडकेन?”

“माहीत असलं तरी कान ऐकत नाही, बाबा. मी स्वतःच रोज साठ वेळा अडकते.”

“मी तो सूर लावणार नाही. मनातसुद्धा नाही.”

“आणि हात?”

मास्तरांचा स्वर दुखावल्यासारखा झाला. “हात टेबलावरून हलणार नाही. हललाच तर तू जिंकलीस.”

दाराबाहेर नवऱ्याचा पाय जमिनीवर जोरात आपटल्याचा आवाज आला.

बुधवारी सकाळी मास्तर तिच्याआधी तयार होऊन बसले होते. नवा सदरा, बाही आधीच दुमडलेली. खुर्चीत असे बसले, जणू परीक्षक म्हणून आले असावेत. डावा हात पुढे केला, उजवा मांडीवर मुठीत आवळला, आणि कॅलेंडरकडे न बघता सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे लबाडी करते ते पकडायला.

ताईने पट्टा बांधला आणि तीच कालची चाल सुरू केली. आवाज सुरुवातीला कापला. तिसरा सूर चढाच लागला. मास्तरांचा गाल थरथरला, पण ओठ घट्ट. ओळ उतरत आली. ताई थांबली.

मास्तर थांबले. गळ्यातली गाठ वर गेली ती खाली येईना. ताई सुई धरून थांबली. एक सेकंद, दोन, चार. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत, दोघंही हट्टी, आणि हात टेबलावर ठेवला तसाच, दगडासारखा, पण त्यामुळेच शीर कालसारखी पळालेली. हे ताईच्या हिशेबात नव्हतं. सूर सुटला नाही तर श्वास सुटणार नाही, आणि श्वास सुटला नाही तर सुई घालता येणार नाही. मास्तर जिंकत होते. जिंकले तर गुरुवार गेला.

मागे रांगेतलं खोकणं थांबलं होतं. बाकावर बसलेली नऊ माणसं, कुणाच्या हातात चिठ्ठी, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, सगळी त्या एका सुरापाशी येऊन अडकलेली. शिपाई दार धरून उभा होता, त्याला दार सोडायचं सुचेना.

खिडकीवालीच्या जिवाला कुठलीच गोष्ट पोटात ठेवायची सवय नव्हती. तिला ते असह्य झालं. काचेच्या भोकाला तोंड लावून ती म्हणाली तो सूर, मोठ्याने, लांब, आणि योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, अगदी जागच्या जागी.

सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला. बाकावरची माणसं मागे टेकली. शिपायाने दार सोडलं. आणि मास्तरांचे खांदे खाली आले, आवळलेली मूठ उघडली, डोळे मिटले, चेहरा असा झाला जसा दिवसभराची चप्पल काढल्यावर होतो. ताईने तेवढ्यात सुई घातली.

“मी नाही लावला,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

“नाही लावलात, बाबा.” लाल झाकणाची नळी भरली होती, तिने जांभळ्या झाकणाची लावली.

“हातही हलला नाही.”

“नाही हलला.”

“मग कर सुरू. मी तयार आहे.”

ताईने सुई काढली, कापूस ठेवला, कोपर दुमडलं. “झालं,” म्हणाली. मास्तरांनी डोळे उघडले. ट्रेमध्ये तीन नळ्या उभ्या होत्या, त्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांनी त्या नळ्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीवाली एकदम फाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती.

“ही कोण?” त्यांनी हळूच विचारलं. “गळा चांगला आहे.”

झालं. ही बातमी खिडकीवालीने दुपारपर्यंत पाचव्या मजल्यावर पोचवली.

गुरुवारी ऑपरेशनची वेळ झाली. मास्तरांना आत नेलं. ताई खाली आपल्या खुर्चीवर होती, सकाळची गर्दी. वीस मिनिटांनी एक नर्स धावत खाली आली आणि रांगेतून वाट काढत म्हणाली, तुमचे सासरे भूल घेऊ देत नाहीत. कमरेखालची भूल, म्हणजे सुई पाठीच्या कण्यात. वाकून बसा म्हटलं तर बसले, पण डॉक्टरांनी पाठीला बोट लावलं की ताठ होतात. सर्जन दोनदा समजावून थकले. आता सासरेच म्हणतात, सुनेला बोलवा.

ताईने हातमोजे उतरवले. तिला वाटलं, घाबरलेत, घरचं माणूस जवळ हवंय, हात धरायला. वर तिला झगा चढवला, टोपी, मास्क, आणि आत उभं केलं. मास्तर टेबलाच्या कडेला वाकून बसले होते, उघडी पाठ, एकेक मणका मोजता येईल अशी. भूल देणारे डॉक्टर मागे सुई घेऊन. मास्तरांनी मान वळवली नाही.

“आलीस का?”

“आले, बाबा.”

“यांना सांग कधी टोचायचं ते. यांना कळत नाही. हे अगदी मधल्या वेळात टोचायला बघतात.”

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वीस वर्षांत हे ऐकलं नसावं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने बोट वर करून थांबा म्हणून खूण केली, आणि मास्कच्या आतून चाल सुरू केली. आवाज कापला नाही. खोलीतली यंत्रं टिक टिक करत होती, सर्जन हात वर धरून उभे होते, नर्सने चिमटा खाली ठेवला. ओळ उतरत उतरत घराच्या दारापाशी आली आणि ताई थांबली.

मास्तरांनी या खेपेला अजिबात वेळ घेतला नाही. पाठ वाकवून, हात मांडीवर ठेवून, वर्गात लावायचे तशा भरदार आवाजात त्यांनी तो सूर लावला आणि लांब धरून ठेवला, आणि ताईने बोट खाली केलं.